बायांनी सोडलेलं झाड

माझ्या मोठ्या आईइतकं गोगलगायींच्या शब्दाबाहेर न जाणारं माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लोक देवाला विचारतात, ज्योतिषाला विचारतात, हल्ली मोबाईललाही विचारतात; मोठी आई गोगलगायींना विचारते. हे मी कोणाला सांगितलं की समोरचा एकतर हसतो, नाहीतर मला जवळ ओढून हळूच विचारतो, "त्यांना बाहेरचं वगैरे काही आहे का?" मी नाही म्हणते. पण नाही म्हणताना माझा आवाज जरा खालीच जातो, कारण पावसाळ्यातल्या त्या परसात मी तीन वर्षं राहिले आहे.

आमचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. जीप कशेळ्यापर्यंत येते, पुढे पायवाट. बारावीच्या पुढे आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे मला कर्जतच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आनंद कसा करायचा हेही कोणाला नीट ठाऊक नव्हतं. मोठ्या आईचं घर कशेळ्याजवळ, रस्त्याला लागून. मी तिथे राहायचं ठरलं. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला मी परसात हातपाय धुवायला निघाले तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "जरा थांब गं. बाया भिंतीवर बसल्यात. त्यांचं होऊ दे." आमच्याकडे बाया म्हटलं की विहिरीतल्या, पाण्यातल्या आसरा आठवतात. मी दारातच थिजले. मान वळवायचा धीर होईना. शेवटी एका डोळ्याने पाहिलं, तर न्हाणीच्या ओल्या भिंतीवर मुठीएवढ्या शंखांच्या गोगलगायी हळूहळू वर चढत होत्या. त्यांच्यामधून शंख नसलेल्या, काळ्या, चपट्याही सरकत होत्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. आसरा असत्या तर निदान त्यांच्याबद्दल काही ऐकलेलं तरी होतं.

शेजारच्या घरात नवीन सून आली होती. ती बिचारी विरजण मागायला आली असताना मोठ्या आईने तिला असंच प्रेमाने सांगितलं, "बस गं, बाया आता तुज्या मागनं जातील, घाबरू नको." सून वाटीसकट खाली बसली ती उठेचना. तिच्या सासूने नंतर येऊन पुष्कळ आवाज केला. मोठी आई शांतपणे ऐकून म्हणाली, "तुजी सून कोवळी हाय. कोवळं टिकत नाय. जरा निबर होऊ दे तिला." माणसं मोजायचं तिचं माप हेच होतं. मत मागायला आलेल्या एका गुळगुळीत पुढाऱ्याला तिने आपादमस्तक पाहिलं आणि तो गेल्यावर म्हणाली, "ह्याला बाया चाटून पन बगायच्या नाय." एका नातलग मुलीसाठी स्थळ बघायला गेली, तर परत येऊन एवढंच म्हणाली, "केसाळ हाय पोरगा. राहील."

कोवळ्या-केसाळाच्या या मापाला कारण होतं. मोठे काका होते तेव्हा तिचं परस चारचौघींसारखं होतं. झेंडू, घेवडा, काकडी, पपईची रोपं, दोडक्याचा मांडव. मग एका पावसाळ्यात गोगलगायी आल्या. कुठून आल्या ते कोणी सांगू शकलं नाही. कोणी म्हणे फार्महाऊसवाल्यांनी मुंबईहून कुंड्या आणल्या त्यांतून आल्या, कोणी म्हणे ओढ्याने आल्या. एका रात्रीत झेंडूच्या नुसत्या काड्या उरल्या. लोकांनी मीठ टाकायला सांगितलं, चुना टाकायला सांगितला. मोठी आई भडकली. "दारात आलेल्या बाईच्या अंगावर कुनी मीठ टाकतं का रं?" असं तिने सांगणाऱ्यालाच विचारलं. आणि तिने आपला मार्ग काढला. त्यांना जे खायचं ते त्या खातील. त्या जे सोडतील ते आपण लावायचं.

त्यासाठी तिने कौल सुरू केला. आमच्या भागात देवाला कौल लावतात, तसाच. न्हाणीजवळ फुटक्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, पडलेली आहे. जे झाड लावायचं असेल त्याचं एक पान संध्याकाळी त्या ओल्या तळीवर ठेवायचं, कोंबड्या येऊ नयेत म्हणून वर वेताची पाटी उपडी घालायची, खालून बोटभर फट ठेवायची, हात जोडायचे आणि मागे न बघता घरात यायचं. सकाळी पाटी उचलायची. पान खाल्लेलं असेल तर ते झाड परसात येणार नाही. अख्खं असेल तर येणार. खाल्लं ते गेलं, सोडलं ते राहिलं. या एका नियमावर तिने सगळी बाग उभी केली. अडचण इतकीच झाली की गोगलगायी ज्याला तोंड लावत नाहीत त्याला माणूसही सहसा लावत नाही. जे कडू, जे उग्र वासाचं, जे चिकाचं, ज्याला काटे किंवा लव, तेवढंच राहिलं. अडुळसा, कोरफड, रुई, पांढरी कण्हेर, सदाफुली, घाणेरी, निवडुंग, भिंतीच्या कडेने नेचे, आणि मध्ये गवती चहा आणि जाडजूड लवदार पानांचा ओवा. वर्षभर हिरवीगार, एका पानाला भोक नाही, आणि तरीही पाहुणे फाटकाशीच थांबत. एकदा बाबा म्हणाले, "वैनी, बाग छान हाय, पन हितं आलं की कुनाला तरी पोचवून आल्यावानी वाटतं." मोठी आई म्हणाली, "मग भावजी, पाय धुवून आत या."

ती बाग ती स्वयंपाकातही आणायची. रविवारी ओव्याच्या पानांची भजी, सोमवारी उरलेली भजी आमटीत, आल्यागेल्याला गवती चहा, आणि जो नुसता घसा खाकरेल त्याला अडुळशाचा काढा. पोस्टमनने तिच्या ओट्यावर खाकरणं बंद केलं होतं. मला वनस्पतिशास्त्र होतं, म्हणून मी तिला समजावायचा प्रयत्न करी, की मोठी आई, त्यांची जीभ कानशीसारखी असते, तिने त्या पान खरवडतात, लव असली की जीभ चालत नाही, कडू असलं की नको वाटतं, एवढंच आहे. ती नीट ऐकून घेई. माझ्या शिक्षणाचा तिला फार मान. मग म्हणे, "खरवडतात ते मी ऐकलंय. ये, तुला पन ऐकवते." आणि वीज गेलेल्या एका संध्याकाळी तिने मला भिंतीला कान लावून उभं केलं. पाऊस थांबला होता. आधी काहीच नाही. मग ऐकू आलं. फार बारीक, कोणीतरी दूरवर सुक्या कागदावर नख ओढतंय असं. एकाच जागेहून नाही, सगळ्या भिंतीतून. मी कान काढला तरी ते चालूच होतं. मोठी आई काळोखात हसून म्हणाली, "बोलताय्त." मी पुस्तकात वाचलेलं सगळं मला आठवत होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही.

झाडांपुरतं होतं तोवर गाव हसत होतं. पण मोठ्या आईने गोगलगायी येण्याआधीपासूनच घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एकेक झाड लावलं होतं, आणि गाव हसायचं थांबलं ते त्यामुळे. माझ्या चुलतभावाच्या नावाची पपई खाल्ली गेली आणि थोड्याच दिवसांत तो नोकरीला वापीला गेला, तो तिकडचाच झाला. काकांच्या नावाचा घेवडा होता. काका छातीच्या दुखण्याने अंथरुणावर होते तेव्हा एका सकाळी त्या वेलाची नुसती दोरी उरलेली दिसली. मोठी आई कधी काही लपवत नाही. तिने आत जाऊन त्यांना सांगितलं. काका म्हणे हसले. म्हणाले, "म्हंजे माजं तिकीट फाडलं की तुज्या बायांनी." त्याच पावसात ते गेले. पुढे त्यांच्या फोटोवर एकदा सकाळी चमकता ओघळ दिसला, हनुवटीपासून कपाळापर्यंत, बरोबर डोळ्यावरून. मी फडकं घेऊन धावले तर मोठी आई म्हणाली, "राहू दे गं. वळखीचं माणूस हाय, भेटून गेली आसंल."

तेव्हापासून माणसं येऊ लागली. गाय गाभण राहील का, मुलगा मुंबईत टिकेल का, सून माहेराहून परत येईल का. कोणी येताना पान घेऊन येई, कोणी इथल्याच झाडाला नाव देई. मोठी आई कोणाकडून काही घेत नसे. पाटी घाली, सकाळी उचली, दिसेल ते सांगे. कधी कोणाचं मन राखायला एक शब्द फिरवला नाही. एक आजोबा रडवेले होऊन म्हणाले, "आगं, अर्दंच खाल्लंय, अर्दं हाय की." ती म्हणाली, "अर्दं म्हंजे पन गेलंच, बाबा. अर्दं मानूस घरात ठिवून काय करशील?"

आणि मी तिच्याकडे आले त्या आठवड्यात तिने मला विचारलं, "तुजं झाड कंचं लावू?"

हे सगळं खोटं आहे असं मला मनापासून वाटत होतं, आणि काकांचा घेवडाही मनात होता. मी परसात हिंडून हिंडून पाहिलं, कोणतं झाड त्या कधीच खात नाहीत ते. मग म्हटलं, अडुळसा. "हुशार हायस," मोठी आई म्हणाली. मग म्हणाली, "पन जे राहतं, ते राहतंच बरं का पोरी." मी सुटल्यासारखी हसले. तिने माझ्या खोलीच्या खिडकीखाली फांदी खोचली. तीन वर्षांत तो अडुळसा खिडकीच्या वर गेला, आणि त्याच्या एका पानालाही कधी कोणी शिवलं नाही.

त्या वाक्याचा अर्थ मला बी.एस्सी. झाल्यावर कळला. कॉलेजातल्या बाईंनी अर्ज करायला लावला होता आणि पुण्याला एम.एस्सी.ला माझं नाव लागलं. बातमी ऐकून बाबा डोंगर उतरून आले. ओट्यावर बसले, टोपी काढली, परत घातली. पुण्याला म्हणजे वसतिगृहात राहायचं, घाट चढून जायचं, आणि आमच्या घरातली कोणी मुलगी लग्नाशिवाय कर्जतच्या पलीकडे राहिलेली नाही. बाबांना नाही म्हणायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. हो म्हणायचा धीर होत नव्हता, हेही दिसत होतं. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, हिचं पान ठेवा. बाया सांगतील तसं करू."

मी म्हणाले, "बाबा, तो अडुळसा आहे. तो त्या खातच नाहीत. कधीच खाणार नाहीत."

"मग तसं सांगतील," बाबा म्हणाले.

मी मोठ्या आईकडे पाहिलं. घरात ती आणि मी, बायांनी सोडलेली एवढीच माणसं उरलो होतो. मी गेले तर त्या परसात ती एकटी राहणार होती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. संध्याकाळी तिने अडुळशाचं एक पान खुडलं, तळीवर ठेवलं, पाटी घातली, हात जोडले. सकाळी पाटी उचलली. पान अख्खं.

बाबा उठले. मोठी आई म्हणाली, "बसा भावजी. काल पावसाचा जोर होता, बाया वर आल्याच नसतील. फिरवून घेऊ." कौल फिरवून घेतात तो देवाकडे, संशय असला तर. तिच्या तळीवर कौल फिरवलेला मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशीचं पान मात्र मला अजून आठवतं. तेही अख्खंच होतं, पण त्याच्यावरून एक रुंद चमकता पट्टा गेला होता, देठापासून टोकापर्यंत. कोणीतरी येऊन, सावकाश सगळं बघून, नको म्हणून पुढे गेलं होतं. आपल्याला कोणी असं अंगावरून जाऊन बघितलंय आणि आपल्याला कळलंही नाही, असं काहीतरी वाटलं. बाबा म्हणाले, "आता झालं ना, वैनी?" आवाजात सुटका होती आणि दुःखही होतं. मोठी आई म्हणाली, "एकदा शेवटचं. तुमी र्‍हावा आजचा दिस."

तिसऱ्या सकाळी पाटी उचलली आणि बाबांच्या तोंडून नुसता हुंकार आला. पान अर्धं गेलेलं होतं. बाबांनी तळीला हात लावून कपाळाला लावला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बॅग हाय का तुज्याकडं, का घ्यायला लागंल?" एवढं बोलून ते जीप बघायला रस्त्यावर गेले. ते गेल्यावर मी खाली वाकले. गोगलगाय पान खरवडते तेव्हा शिरा मागे राहतात, कडा झालरीसारखी होते. या पानाची मधली जाड शीरसुद्धा साफ तुटली होती. तळीवर चमक कुठेच नव्हती. आणि तुटलेल्या कडेवर एका ओळीत छोट्या छोट्या कमानी होत्या, मध्ये एका कमानीची जागा मोकळी. मोठ्या आईचा वरचा पुढचा एक दात नाही. एक दात पडलेली गोगलगाय मी तीन वर्षांच्या अभ्यासात कुठे वाचली नव्हती.

ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मी हाक मारली तर हातानेच गप म्हणाली. गालात गुळाचा मोठा खडा होता आणि डोळ्यांत पाणी. अडुळसा चावून बघितलेला माणूसच जाणे तो किती कडू असतो.

"मोठी आई," मी म्हणाले, "ते पान..."

तिने गूळ या गालातून त्या गालात केला. "बायांत म्हाताऱ्या बी असतात," ती म्हणाली. "जा, कपडे भर."

पुण्याला आल्यावर मला तिची सारखी आठवण यायची. फोनवर ती कमी बोले. जेवलीस का, थंडी हाय का, इतकंच. बाबा मात्र दर बाजाराला कशेळ्याला आले की तिच्याकडे जाऊन अडुळसा बघून येत, असं माझी आई म्हणाली. एकदा फिरवून घेतलेला कौल पुन्हा फिरला तर नाही ना, याची त्यांना धास्ती. ते ऐकून मला काळजी वाटली, कारण त्या झाडाला पुन्हा कोणी शिवणार नव्हतं.

गौरी-गणपतीला मी गेले. पाऊस उघडला होता, पण भिंती ओल्याच होत्या. मी आधी परसात गेले. अडुळसा खिडकीवर झुकला होता, माझी खोली त्याने अंधारी करून टाकली होती. आणि त्याची खालची पानं, वाकलेल्या बाईचं तोंड पोचेल तिथपर्यंतची, जवळजवळ सगळी अर्धी खाल्लेली होती. काही वाळलेली, जुनी. काही अगदी काल-परवाची. प्रत्येकाच्या कडेला त्याच कमानी, मध्ये मोकळी जागा. आपल्याला सोडून गेलेल्या माणसाला गेलेलंच ठेवण्यासाठी कोणी पावसाळाभर एवढं कडू खातं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मोठी आई मागे येऊन उभी राहिली. तिने वर बोट केलं. झाडाच्या शेंड्याला, खिडकीच्याही वर, जिथे तिचा हात काठी घेऊनसुद्धा पोचला नसता, तिथलं एक कोवळं पान नुसतं शिरांचं जाळं होऊन राहिलं होतं, आणि तिथपासून खाली भिंतीपर्यंत एक चमकती वाट उतरत आली होती.

"बाकीचं र्‍हाऊ दे," ती हळूच म्हणाली. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "पन ते वरचं मी नाय खाल्लं हां, पोरी."